खूण वरच्या बाजूला होती

छोटा ट्रॅक्टर घ्यायला गेलं की शोरूममधला पोरगा एका दमात सगळं सांगतो. किती एचपी, किती सिलिंडर, पीटीओला, म्हणजे मागची अवजारं फिरवणाऱ्या दांड्याला, किती ताकद मिळते, मागची लिफ्ट किती किलो उचलते, आणि आमच्या द्राक्षवाल्यांसाठी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे रुंदी किती. ९ फुटांच्या ओळीत वळताना डांबाला घासणार नाही ना, हे आपण विचारायच्या आधी त्याने सांगितलेलं असतं. सीटचं कुशन दाबून दाखवतो, मोबाइल चार्ज करायची जागा दाखवतो. बोनेट उघडलंच तर बॅटरी आणि एअर फिल्टर दाखवून बंद करतो. रेडिएटरच्या मागे बसलेल्या प्लॅस्टिकच्या पंख्याबद्दल तो बोलत नाही आणि आपणही विचारत नाही. घरातल्या छताच्या पंख्याची वॉरंटी आपण दोनदा विचारतो, हा भाग वेगळा.

खरं तर बागेत चालणाऱ्या ट्रॅक्टरचा जीव त्या पंख्यात असतो. महामार्गावर धावणाऱ्या गाडीला समोरून वारा मिळतो, पंखा जरा कमी पडला तरी निभावून जातं. बागेत ब्लोअर, म्हणजे औषध फवारायचं यंत्र, चालतो तेव्हा ट्रॅक्टर ताशी तीन-चार किलोमीटरने सरकत असतो, म्हणजे माणूस चालतो तेवढ्याच वेगाने. पण पीटीओला मिनिटाला ५४० फेरे द्यायचे म्हणून इंजिन मात्र जोरात ठेवावं लागतं. वर मांडवाचं छत, दोन्ही बाजूंना पानं, मागून फवाऱ्याचं धुकं. वारा असा नाहीच. डिझेल जळून जेवढी उष्णता होते तिच्यातला ढोबळमानाने तिसरा हिस्सा कामाला येतो, तिसरा धुराड्यातून जातो आणि राहिलेल्यातली बरीचशी पाण्यात उतरते. पाण्यातली ती उष्णता बाहेर फेकायची तर रेडिएटरच्या जाळीतून हवा ओढली गेली पाहिजे, आणि बागेत ती ओढणारा दुसरा कुणी नसतो.

आमचा पंखा मोडला तो गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळासाठीच्या छाटणीनंतर, बाग पोंग्यातून, म्हणजे नुकत्या फुटलेल्या डोळ्यांतून, बाहेर पडून दोन-तीन पानांवर असताना. नाशिकच्या द्राक्षवाल्याला याहून वाईट वेळ सांगता यायची नाही. रात्री पाऊस येऊन गेलेला, सकाळी दव, आणि कोवळ्या पानावर पाणी साचून राहिलं की डाऊनी, म्हणजे केवडा रोग, ठेवलेलाच असतो. पाऊस उघडला की काही तासांच्या आत औषध पानावर पडायला हवं. आठवडाभर गॅरेजमध्ये नंबर लावून बसायची सोय नसते, कारण त्याच आठवड्यात दिंडोरी, निफाड, चांदवड, सगळ्या तालुक्यांतले ट्रॅक्टर पळत असतात आणि त्यातले निम्मे काही ना काही कुरकुर करत असतात. आपल्या हाताने दुरुस्ती म्हटलं की लोकांना वाटतं पैसे वाचवायची धडपड आहे. पैसे वाचतात, पण तो हिशोब नंतरचा. त्या दिवसांत वाचवायचे असतात ते तास.

आवाज आधी ‘खट्’ असा एकच आला. बांधावरून चाक उतरलं आणि आला. मग सगळ्या बोनेटला थरथर सुटली, हातातल्या स्टिअरिंगपर्यंत येणारी. मी इंजिन बंद केलं, किल्ली काढून खिशात टाकली आणि बोनेट उघडलं. पंख्याला सात पाती. त्यातलं एक अर्ध्यावरून गेलेलं. तुटलेला तुकडा खाली पत्र्यात पडला होता. रेडिएटरच्या जाळीच्या दोन-चार पट्ट्या दुमडल्या होत्या, पण पाणी कुठून येत नव्हतं. तो तुकडा नळीत घुसला असता तर पुढचा सगळा लेखच वेगळा झाला असता.

आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, ट्रॅक्टर बंद पडला की बागेच्या कुठल्याही टोकाला असले तरी हजर होतात. ऐकू कमी येतं म्हणतात, पण इंजिन थांबलेलं मात्र बरोबर ऐकू येतं. त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, “आमच्या विहिरीवरच्या इंजिनाला असली झंझटच नव्हती.” हे वाक्य आमच्याकडे बरंच चालतं, पण या खेपेला त्यात तथ्य होतं. वीज येण्याआधी विहिरीवर जे डिझेल इंजिन असायचं त्याला ना पंखा, ना रेडिएटर. पंप जे पाणी वर काढायचा त्यातलीच एक बारीक नळी इंजिनाच्या अंगातून फिरवलेली असायची आणि कोमट झालेलं पाणी पाटात पडायचं. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. अण्णा सांगतात, डिसेंबरात पहाटे पाणी भरायला गेलं की आधी त्या नळीखाली हात धरायचे आणि मग दारं धरायला जायचं. इंजिन ज्याला उपसायचं तेच पाणी त्याला थंड ठेवायचं. ट्रॅक्टरला विहीर सोबत नेता येत नाही, म्हणून तेच चार-पाच लिटर पाणी पुन्हा पुन्हा फिरवायचं आणि पंख्याने वाळवल्यासारखं गार करायचं, एवढाच फरक. अण्णांना तो फरक फसवणुकीसारखा वाटतो.

दुपारपर्यंत सल्ले जमले. पुतण्या म्हणाला, “काकू, इपॉक्सीने चिकटवू, आतून पत्र्याची पट्टी देऊ, दोन रिव्हिट मारू. हंगाम निघून जाईल.” वाटेने जाणाऱ्या एकाने सांगितलं, समोरचं पातंही तेवढंच कापा, तोल साधेल. हा दुसरा सल्ला खुळचट नाही. जुन्या ड्रायव्हर लोकांनी भररस्त्यात हा उपाय करून गाड्या घरी आणल्या आहेत. पण त्याला पाती सम संख्येत लागतात. चार किंवा सहा पात्यांना समोरासमोर जोडीदार असतो. सातात कुणाच्याच बरोबर समोर कुणी नसतं. एक कापलं तरी तोल पुरता साधत नाही, उरलेली ओढ भलत्याच बाजूला जाते. विषम पाती मुद्दाम ठेवतात, आवाज एका सुरात घुमू नये म्हणून. त्या सोयीची किंमत अशी मोजावी लागते.

चिकटवण्याबद्दल मी पुतण्याशी वाद घालत बसले नाही, वहीच्या मागच्या पानावर आकडे मांडून दाखवले. तो बारावी सायन्सला आहे, उपयोग तरी व्हावा. तुटलेला तुकडा किराणा काट्यावर २० ग्रॅम भरला. पंख्याच्या मध्यापासून त्याचं वजन साधारण १२ सेंटिमीटरवर. इंजिन मिनिटाला २,७०० फेऱ्यांवर असेल आणि पंखाही जवळपास तेवढाच फिरत असेल, तर सेकंदाला ४५ फेरे. त्या वेगाला त्या तुकड्यावरचा बाहेर ओढणारा जोर किती? गणित केलं तर वजनाच्या जवळपास हजारपट येतं. म्हणजे २० ग्रॅमच्या तुकड्याला २० किलोची ओढ. जोडाने ती ओढ धरून ठेवायची, तीसुद्धा उष्ण हवेत, थरथरत, औषधाच्या वाफेत, तासन् तास. सुटला तर सरळ रेडिएटरमध्ये, किंवा बोनेट उघडून कान लावून बसलेल्या माणसाच्या तोंडावर.

याच आकड्याची दुसरी बाजूही आहे. पातं तुटलेलं ठेवून ‘हळूहळू चालवून घेऊ’ म्हणणाऱ्यांसाठी. तो तुकडा नाही म्हणजे उरलेल्या पंख्यावर एका बाजूला २० किलोची ओढ शिल्लक, आणि ती सेकंदाला ४५ वेळा दिशा बदलत वॉटर बॉडीच्या, म्हणजे पाणी फिरवणाऱ्या पंपाच्या, बेअरिंगला हिसके देणार. पंखा स्वस्त असतो. त्यामागची वॉटर बॉडी तशी नसते, आणि तिचं सील गेलं तर पाणीही गेलं.

पंखा नवाच आणायचा हे ठरलं. पण जुना काढल्याशिवाय नवा कसला आणायचा ते कळत नाही.

काढण्यात कौशल्य फार नाही, जागा नाही हीच अडचण. ओढणी आधी घरात ठेवून आले. फिरत्या पट्ट्याजवळ ओढणी, पदर, मफलर यांतलं काहीच नको, इंजिन बंद असलं तरी सवय म्हणून नको. बॅटरीची निगेटिव्ह तार सोडली. पाणी थंड होईपर्यंत थांबले, कारण रेडिएटरचं झाकण हे काही पाण्याच्या बाटलीचं झाकण नव्हे. त्याच्यावर ०.९ असा आकडा असतो, तो बारचा, म्हणजे आतलं पाणी दाबाखाली असतं आणि साध्या उकळबिंदूच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून जवळपास ६०० मीटर उंच. उघड्या पातेल्यात इथे पाणी १०० अंशांच्या दोन अंश अलीकडेच उकळतं. गरम झाकण फिरवलं की आतलं सगळं त्याच क्षणी वाफ व्हायला बघतं आणि हात वाटेत असतो.

कूलंट स्वच्छ बादलीत काढून वर ताट झाकलं. हिरवं पाणी गोडसर लागतं म्हणे, आणि ते विषारी असतं. कुत्री, कोंबड्या, वासरं त्याला तोंड लावतात. आमच्याकडे ही तिन्ही जमात मोकळी फिरते. बरेच जण कूलंटऐवजी बोअरचं पाणी भरतात. आमच्या भागातलं बोअरचं पाणी ज्या पातेल्यात तापतं त्याच्या बुडाला पांढरा थर धरतो. तो थर रेडिएटरच्या नळ्यांत बसला तर पंख्याने कितीही हवा ओढली तरी आतली उष्णता बाहेर यायची नाही.

वरचा होज, मग पंख्यावरचं पत्र्याचं गोल कव्हर, मग १० नंबरचा रिंग पाना घेऊन पंख्याचे चार बोल्ट. रेडिएटर आणि पंख्याच्या मधे चार बोटं जागा. पाना पाव फेरा फिरतो, काढायचा, परत बसवायचा, परत पाव फेरा. बोल्ट सुटायला लागला की तो खाली पडू नये म्हणून डाव्या हाताचं बोट पुढे धरायचं. असं काम करताना माणूस फार बोलत नाही. अण्णा मात्र बोलत होते.

कव्हर हातात आल्यावर कामाचा खरा भाग सुरू झाला. ते मी उन्हात नेऊन आतून फिरवून पाहिलं. आतल्या कडेला वरच्या बाजूला, घड्याळात अकरा ते एक वाजतात तेवढ्या पट्ट्यात, काळा रंग उडून पत्रा चकाकत होता. बाकी सगळीकडे रंग शाबूत, त्यावर गंधकाची आणि धुळीची पिवळट पुटं. मग पंखा पाहिला. मोडकं सोडून उरलेल्या सहाही पात्यांची टोकं सारखीच घासलेली, पांढुरकी.

या दोन खुणा शेजारी ठेवल्या की बरंच कळतं. एखादी काडी आत शिरून पातं मोडलं असतं तर एका-दोन पात्यांच्या कडेला खाच पडली असती, टोकं सारखी घासली नसती. पंखाच वाकडा फिरत असता तर उलट झालं असतं: एकच पातं घासलेलं आणि कव्हरला मात्र गोल सगळीकडे रेघ. इथे सगळी पाती घासलेली आणि कव्हरची एकच जागा. म्हणजे पंखा सरळ फिरत होता. कव्हर आणि पंखा एकमेकांच्या जवळ आले होते, आणि आले होते ते वरच्या बाजूने.

अण्णांचं मत तयार होतं: “फाउंडेशनचं रबर बसलं असणार. इंजिन खाली आलंय.” बांधावर, बोधावर आदळून इंजिनाखालची रबरं बसतात हे खरं. पण इंजिन खाली आलं तर पंखाही खाली येतो, आणि मग तो कव्हरला खालच्या बाजूने घासतो. वॉटर बॉडीचं बेअरिंग ढिलं झालं असतं तरी पट्ट्याची ओढ खाली क्रँककडे आणि बाजूला डायनामोकडे, पंखा त्याच बाजूंना झुकला असता. मी पुली धरून हलवून पाहिली, खेळ नव्हता. वॉटर बॉडीखालच्या बारीक भोकातून पाणी झिरपल्याचा डागही नव्हता. वरची बाजू घासायची तर एकतर इंजिन वर उचललं जायला हवं, आणि ते होत नाही. नाहीतर कव्हर खाली यायला हवं. कव्हर रेडिएटरला धरलेलं असतं. म्हणजे रेडिएटर खाली बसला होता.

मी हे अण्णांना सांगितलं तेव्हा त्यांनी कव्हर माझ्या हातातून घेतलं, उन्हात धरलं, फिरवलं, परत फिरवलं. मग म्हणाले, “रबर बघ खालचं.” म्हणजे शोध त्यांचाच झाला. होऊ द्या.

रेडिएटर ज्या दोन रबरी गाद्यांवर उभा असतो त्यातली डावी चपटी होऊन वर फुगवटे आलेली आणि उजवी बोटाने दाबली तर चिखलासारखी. साधं रबर असं का होतं याचं उत्तर प्रत्येक सर्व्हिसिंगच्या बिलात लिहिलेलं असतं. ट्रॅक्टर धुतल्यावर वरून डिझेलचा फवारा मारतात, त्याने रंग चमकतो, लोखंड गंजत नाही, आणि मालक खूश होतो. डिझेल खाली निथळतं आणि जिथे जिथे साधं रबर आहे तिथे जाऊन बसतं. रबर फुगतं, मऊ पडतं, मग वजनाखाली चेपतं. त्यावर आमचा बागेतला प्रवास, प्रत्येक ओळीच्या शेवटी वळताना एक गचका. रेडिएटर हळूहळू खाली सरकत गेला, पात्यांची टोकं रंग खरवडत राहिली, आणि त्या दिवशी बांधाच्या गचक्याला एक पातं पत्र्याच्या कडेत अडकलं. नुसता पंखा बदलून बोनेट लावलं असतं तर नवा पंखाही त्याच जागी गेला असता. दुकानदाराने नवा विकला असता आणि मी ‘हल्ली माल कसा येतो’ म्हणून त्याच्या नावाने बोटं मोडली असती.

त्या संध्याकाळची फवारणी शेजारच्या नानांच्या ट्रॅक्टरने झाली. त्यांची स्वतःची बाग आटोपून अंधार पडता पडता त्यांनी तो आणून उभा केला. “डिझेल टाकू नका वहिनी, परवा टोपल्या लागतील तेव्हा बघू,” एवढं बोलले. फवारणीच्या दिवसांत कुणी ट्रॅक्टर देतो म्हणजे काय देतो ते बागवाल्यालाच ठाऊक.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोडका पंखा पिशवीत घालून पिंपळगाव बसवंतला गेले. मॉडेल, चासी नंबर, सगळं लिहून नेलं होतं, तरी जुना नग सोबत असलेला बरा, कारण पंख्यात जुळवायच्या गोष्टी फार असतात. व्यास, मधलं भोक, बोल्टच्या भोकांमधलं अंतर, पात्यांची संख्या, आणि सगळ्यात फसवी म्हणजे खोली, मधला भाग पात्यांपेक्षा किती आत दबलेला आहे ती. भोकं जुळली पण खोली चुकली तर पंखा रेडिएटरच्या अंगावर जातो किंवा कव्हरच्या बाहेर राहतो.

दुकानदार आधी माझ्या मागे कुणी पुरुष माणूस येतोय का ते पाहत राहिला. मग म्हणाला, “ताई, कंपनीचा मागवावा लागेल, चार-पाच दिवस. लोकल आहे, आत्ता नेता येईल.” दोन लोकल नग त्याने काउंटरवर ठेवले. लोकलला मी सरसकट नावं ठेवणाऱ्यांतली नाही. सातपूर-अंबडच्या शेडमध्ये लोक काय काय बनवतात ते आमच्याच घरात रोज जेवताना ऐकते, ह्यांची नोकरी तिथलीच. पण पंखा हा डोळ्यांनी बघून घ्यायची वस्तू नव्हे. मी त्याच्याकडे गोल, गुळगुळीत सळई मागितली. त्याने एक जुना व्हॉल्व्ह काढून दिला. तो दोन डब्यांच्या मधे आडवा ठेवला, त्यावर पंखा अडकवला आणि बोटाने हलकेच फिरवला. पहिला नग दरवेळी एकच पातं खाली करून थांबायचा. तेच पातं, चिन्ह करून ठेवलं तरी तेच. म्हणजे ती बाजू जड. दुसरा नग कधी इथे थांबे, कधी तिथे. दुसरा घेतला. दुकानदाराने पहिला परत फळीवर ठेवला, मग थोडा विचार करून खाली काउंटरमागे ठेवला. हे मला आवडलं.

आमच्या निफाड तालुक्यात, ओझरला, १९६४ पासून विमानांचा कारखाना आहे. तिथे फिरणाऱ्या वस्तूंचा तोल कसा बघत असतील याची कल्पना करावी आणि मग दोन डब्यांवर ठेवलेला व्हॉल्व्ह आठवावा. तत्त्व एकच, पण ओझरकडे बघत मी हे मोठ्याने म्हणणार नाही.

रबराच्या गाद्या दुकानात नव्हत्या. ह्यांनी सेकंड शिफ्टवरून येताना, खरं म्हणजे जाताना, अंबड लिंक रोडला भंगाराच्या दुकानातून कन्व्हेयर बेल्टचा तुकडा आणला. आत कापडाचे थर असलेलं जाड रबर. करवतीने कापताना साबणाचं पाणी लावलं की चालते, नाहीतर करवत रबरात रुतून बसते. दोन्ही बाजूंना सारखी जाडी आणि रेडिएटर उचलून खाली सरकवल्या. वरची आधाराची सळई परत आवळली.

पंखा बसवताना वाद झाला, त्याशिवाय आमच्याकडे काही बसत नाही. पुतण्या म्हणाला, “काकू, बघून लावा, उलटा लावला तर हवा उलटी फेकेल.” हा समज गॅरेजवाल्यांतही आहे. पंखा पालथा करून लावला तरी हवा त्याच दिशेला जाते. नट उलटा करून लावला म्हणून आटे उलटे होत नाहीत, तसंच हे. बिघडतं ते दुसरंच. पात्याला एक बाक असतो, हवा कोरून घेणारा. पालथं घातलं की तो बाक चुकीच्या अंगाला येतो, हवा येते पण कमी, आणि आवाज जास्त. म्हणूनच हा घोळ लवकर सापडत नाही. हात धरला तर वारा लागतो, म्हणून लोक समाधानी होतात, आणि ट्रॅक्टर दुपारी मात्र तापतो. काढण्याआधी मी मोबाइलवर फोटो घेतले होते, शिवाय नव्या पंख्याच्या मधल्या भागावर इंजिनाची बाजू कुठली ते उठावात लिहिलेलं होतं. वाद मिटला.

बोल्ट चारही हाताने बसवून मग तिरप्या जोडीने आवळले, प्लॅस्टिक आहे हे लक्षात ठेवून. ६ मिलिमीटरच्या बोल्टला माणसाने छाती लावायची नसते. कव्हर लावलं. पंखा हाताने फिरवत प्रत्येक पात्याच्या टोकाशी पेन्सिल सरकवून पाहिली. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे सारखीच फट. पात्याची साधारण अर्धी रुंदी कव्हरच्या आत. पट्टा अंगठ्याने दाबला तर बोटाच्या जाडीएवढा दबतोय. रेडिएटरची जाळी मात्र इंजिनाच्या बाजूने पुढे हवा मारून साफ केली. पुढून मारली तर पानं, फेलफुटीचा भुगा आणि औषधाची पुटं आणखी आत जाऊन बसतात. पाण्याच्या प्रेशरने तर पट्ट्याच दुमडतात, आणि दुमडलेली जाळी म्हणजे बंद खिडकी. दुमडलेल्या पट्ट्या मी जुन्या कंगव्याने आणि मेंदीच्या काडीने उभ्या केल्या. त्यात पाऊण दुपार गेली, आणि सगळ्या कामात मला सर्वांत जास्त मजा त्यात आली.

कूलंट भरलं, झाकण उघडं ठेवून इंजिन सुरू केलं, बुडबुडे निघून गेल्यावर पातळी परत भरून झाकण लावलं. जाळीसमोर वर्तमानपत्राचं पान धरलं. ते ओढून जाळीला चिकटलं आणि चिकटून राहिलं. थरथर नव्हती. काटा मधे जाऊन थांबला आणि ब्लोअर जोडून भर उन्हात दोन ओळी मारल्यावरही तिथेच होता.

अण्णांना आता पुढे बारीक तारेची जाळी लावायची होती, मच्छरदाणीसारखी, म्हणजे काडी-कचरा आत जाणारच नाही. मी नको म्हटलं. बारीक जाळी पहिल्या दोन टाक्यांतच पानांनी भरते आणि मग पंखा हवा ओढणार कुठून? त्यांचं म्हणणं, रोज झाडायची. रोज कोण झाडणार, हा प्रश्न आमच्या घरात मोठा आहे. शेवटी मोठ्या चौकोनांची, सहज निघणारी जाळी लावायची असं ठरलं. ती अजून लागलेली नाही.

काही दिवसांनी पट्टा पुन्हा ताणला, नवीन गाद्या वजनाखाली किती बसल्यात तेही पेन्सिलीने पाहिलं. त्याच सुमाराला नाना आले. त्यांच्या ट्रॅक्टरचाही बारीक खरवडल्याचा आवाज येत होता, म्हणाले. बोनेट उघडलं, टॉर्च मारून कव्हरच्या आत पाहिलं. त्यांची रेघ खालच्या बाजूला होती. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं आणि नानांना सांगितलं, “फाउंडेशनचं रबर. मी पहिल्यापासून म्हणतोय.” इंजिनाखाली जॅक लावून ते बदलायचं काम आमच्या शेडमधलं नाही, सगळं इंजिन अधांतरी धरावं लागतं. नानांनी ट्रॅक्टर गॅरेजला लावला आणि तीन संध्याकाळी आमचा त्यांच्या बागेत गेला.